हात बसेपर्यंत

जूनच्या पहिल्या शनिवारी मी चाकावर बसले. समोर किलोभर माती, शेजारी पाण्याचं घमेलं, स्पंज आणि कापायची तार. गोळा चाकाच्या मध्यावर कसा आपटायचा, कोपरं मांड्यांना कशी टेकवायची, डाव्या तळव्यानं बाजूनं आणि उजव्यानं वरून कसं दाबायचं, हे शिकवणाऱ्या ताईंनी दोनदा करून दाखवलं. त्यांच्या हाताखाली माती अर्ध्या मिनिटात इतकी शांत झाली की चाक फिरतंय की थांबलंय, ते कळेना. मग त्यांनी तो गोळा काढला, माझा गोळा ठेवला आणि मी पेडल दाबलं.

माती माझ्या तळव्यांना धक्के द्यायला लागली. एकदा डाव्या हाताला, एकदा उजव्या. जोर लावला की तीही जोर लावायची, हात सैल सोडले की आणखी वाकडी व्हायची. पाच मिनिटांत माझी कोपरं मांड्यांवरून सुटली आणि मी मातीच्या तालावर डुलायला लागले. ताई म्हणाल्या, "माती तुम्हाला फिरवतेय. तुम्ही थांबा. फिरायचं काम चाकाचं." मला त्यांचं म्हणणं पूर्ण कळलं. हातांना कळलं नाही. दोन तासांनंतर माझ्यापुढे चिखलाचा एक लगदा होता, खांद्यापर्यंत हात भरून आले होते आणि नेमकं काय चुकतंय हेही मला सांगता येत नव्हतं.

मी चित्रकला शिकवते. पुण्यातल्या एका शाळेत, बावीस वर्षं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही ग्रेड परीक्षांत मला ‘ए’ श्रेणी होती. आमच्या वाड्यात दिवाळीची मोठी रांगोळी माझ्याकडे असायची, लग्नाच्या रुखवतावर माझा हात फिरल्याशिवाय ते पुरं व्हायचं नाही. हिच्या हातात उपजत कला आहे, हे मी इतक्या लहानपणापासून ऐकत आले होते की ते मला माझ्या उंचीसारखं वाटायचं, आपलं आहेच असं. माती पहिल्याच दिवशी वश होईल असं मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण मनात तीच खात्री होती, म्हणून तर तो लगदा बघून मी एवढी गोंधळले.

शनिवार-रविवारच्या वर्गाला मी ऑगस्टअखेरपर्यंत गेले. त्या तीन महिन्यांबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की प्रत्येक शनिवार जूनच्या त्या पहिल्या शनिवारासारखा गेला. तासभर गोळा मध्यावर आणण्यात, म्हणजे सेंटरिंगमध्ये, जायचा. रविवारी थोडं जमायचं, वाटीसारखं काही उभं राहायचं. मी ते प्लॅस्टिकखाली झाकून घरी जायची. पुढच्या शनिवारी हात पुन्हा कोरे.

आणि माती माझी वाट बघत थांबत नव्हती, हे तर माझ्या फार उशिरा लक्षात आलं. चाकावरून उतरवलेल्या भांड्याचा तळ जाड असतो. ते अर्धवट सुकून चामड्याइतकं घट्ट झालं की उलटं ठेवून तळ तासायचा, त्याला बूड द्यायचं. ही वेळ सहसा दुसऱ्या दिवशी येते. उन्हाळ्यात त्याच संध्याकाळी, पावसाळ्यात कधी तीन दिवसांनी. माझं भांडं रविवारी तयार व्हायचं आणि मी सहा दिवसांनी यायची. प्लॅस्टिक सैल राहिलं तर ते हाडासारखं कोरडं झालेलं असायचं, तासणी लावली की टवके उडायचे. घट्ट गुंडाळलं तर पावसाळी हवेत तसंच गिळगिळीत, वर बुरशीचे ठिपके. मी आठवड्याचे दिवस मोजत होते आणि माती तिचा ओलावा मोजत होती. चित्राचा कागद महिनाभर फळीला लावून ठेवला तरी चालतं. मातीचं तसं नाही, हे कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर असेल, पण मला ते तीन महिने वाया घालवून शिकावं लागलं.

वर्गाच्या जागी माती मळायला एक काका होते. पिढीजात कुंभार, सत्तरीकडे झुकलेले. आपण कणीक मळतो तसंच ते मळायचे, पण सगळं अंग वापरून. खांद्यातून वजन टाकायचं, गोळा थोडा वळवायचा, पुन्हा वजन. गोळ्याला शंखासारखे वेटोळे पडायचे. मातीचे कण चपटे असतात, पानांसारखे, आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो. त्या थरावर ते एकमेकांवरून घसरतात, म्हणून माती वळते आणि वळलेली राहते. नीट मळलेल्या गोळ्यात ओलावा सगळीकडे सारखा असतो. माझ्या गोळ्यात एक बाजू घट्ट आणि एक मऊ राहायची, आणि तो चाकावर जाण्याआधीच बिघडलेला असायचा. मी सगळा दोष सेंटरिंगला देत होते. काकांनी एकदा माझा गोळा तारेनं मधोमध कापला आणि न बोलता दोन्ही अर्धे माझ्यापुढे धरले. आत ओल्या-सुक्या मातीचे पट्टे दिसत होते.

मग त्यांनी विचारलं, "बाई, रोज येता का?"

"नाही काका. शनिवार-रविवार."

"मग चाकाला तुमची ओळख कशी राहायची?"

त्यांच्या बोलण्यात टोचणं नव्हतं. पाऊस थांबला का, असं विचारावं तसं ते विचारत होते. पण मला ते घरी येईपर्यंत पुरलं.

ऑगस्टच्या शेवटी काका मला मुंढव्याजवळ केशवनगरला, कुंभारवाड्यात त्यांच्या नात्यातल्या एका घरी घेऊन गेले. पुण्यात कसबा पेठेत कुंभार वेस हे नाव मी लहानपणापासून ऐकत आले, पण माठ होताना मी तोवर कधी पाहिला नव्हता. सगळा माठ चाकावर होतो असं मला वाटायचं. चाकावर होतं ते त्याचं तोंड, गळा आणि जाड भिंतींचं एक ठेंगणं अंग. त्या वेळी त्याला माठ म्हणवणार नाही. ते थोडं सुकलं की माणूस ते मांडीवर घेतो, आतून एका हातानं गोल दगड धरतो आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत जातो. ठोक, थोडं फिरव, ठोक. भिंत पातळ होत जाते, पोट फुगत जातं, तळ बंद होऊन गोल होतो. आतला दगड आणि बाहेरचं थापटणं यांची गाठ प्रत्येक ठोक्याला बरोबर समोरासमोर पडावी लागते, आणि आतला हात तर दिसतच नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पक्कं-कच्चं ओळखलं, ही गोष्ट मी शाळेत मुलांना कितीदा सांगितली असेल. ते थापटणं आवाजावरून भिंतीची जाडी सांगतं, हे मला तिथे बसून पहिल्यांदा ऐकू आलं. जाड ठिकाणी आवाज बद्द येतो. भिंत पातळ होत गेली की खणखणायला लागतो.

त्या घरच्या आजोबांना मी विचारलं, "हे यायला किती वर्षं लागली?" ते बराच वेळ विचार करत राहिले. प्रश्न अवघड होता म्हणून नव्हे, त्यांना सुरुवातच सापडत नव्हती. लहानपणी चिखल तुडवायला उभं करायचे. मग पणत्या. मग सुगडं, बोळकी. माठ कधी आला ते आठवत नाही. तुम्ही त्यात हुशार होतात का, असंही मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं आणि म्हणाले, "आमच्यात असं कुणी बघत नाही. दिवाळीला पणत्या लागतात, नवरात्राला घट लागतात. हात बसतोच."

पोळ्या लाटायला, विणकामाला, तबल्याला, अक्षराला, सगळ्याला आपण ‘हात बसला’ म्हणतो. मी हा शब्द हजारदा वापरला असेल. पण त्यात उपजत असं काही नाही, हे त्या अंगणात माझ्या ध्यानात आलं. हात आधी बसलेला नसतो. तो बसतो, आणि बसायला त्याला वेळ लागतो, जशी घराच्या भिंतीखाली भर टाकलेली माती एक-दोन पावसाळ्यांत बसते.

सप्टेंबरपासून मी रोज जायला लागले. शाळा सकाळची, दुपारी अडीच ते साडेतीन माझा तास. ताईंनी एक अट घातली: दिवाळीपर्यंत एकही भांडं ठेवायचं नाही. रोज सारख्या वजनाचे सहा गोळे, प्रत्येकी अर्धा किलो. प्रत्येकाचा सरळ उभा नळा काढायचा, डब्यासारखा, आणि तो तारेनं वरून खालपर्यंत उभा कापून आतली भिंत बघायची. मग सगळी माती परत बादलीत. मला हे जिवावर आलं होतं. इतक्या कष्टानं उभं केलेलं स्वतःच्या हातानं चिरायचं!

पण कापलेला नळा खोटं बोलत नाही. पहिले जवळजवळ तीन आठवडे प्रत्येक नळ्याची भिंत तळाशी अंगठ्याएवढी जाड, मध्ये एकदम पातळ आणि वर पुन्हा जाड निघत होती. सहाच्या सहा, रोज. मी वहीत त्या कापलेल्या भिंतींची रेखाचित्रं काढत गेले, आणि ती सगळी एकमेकांची भावंडं होती. कारणही हळूहळू दिसलं. बोटांनी माती वर ओढताना मी अर्ध्यात श्वास सोडायची, आणि त्याबरोबर आतलं बोट पुढे सरकायचं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती, एवढंच. शंभरेक नळे एकाच जागी पातळ झाले, तेव्हा कुठे माझा श्वास माझ्या नजरेत आला.

आता जरा अवघड गोष्ट सांगते. माझी नजर चांगली आहे, आणि तीच मला या काळात सगळ्यात जास्त आड आली. भांडं कसं दिसायला हवं हे मला चाक सुरू होण्याआधीच दिसायचं. गोळा अजून हलतोय, तरी मी मनात काठाला बाक द्यायला लागलेली असायची. भिंत जराशी कलली की मी तिला वाचवायला जायची, थोडं पाणी, थोडा हात, पुन्हा थोडं पाणी. मातीला सहन करायची एक मर्यादा असते. जास्त पाणी पिऊन, जास्त हाताळून ती थकते, तिच्यातला ताठपणा जातो आणि सगळं भांडं खाली बसतं. माझ्या शेजारच्या चाकावर टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा बसायचे. त्यांना चित्र काढता येत नव्हतं, ते तसं स्वतःच सांगायचे. त्यांच्या मनात भांड्याचं कुठलंच चित्र नसल्यामुळे ते फक्त हाताखालच्या मातीकडे लक्ष द्यायचे. गोळा मध्यावर आला नसेल तर ते पुढे जायचेच नाहीत. ऑक्टोबरमध्ये त्यांचे नळे माझ्या नळ्यांपेक्षा सरळ आणि एकसारखे निघायला लागले. मला त्यांचा हेवा वाटला, आणि मग मी त्यांच्यासारखं करायला लागले. आधी माती स्थिर, मग बाकी सगळं.

नजर फुकट गेली असं मी म्हणणार नाही. पुढे वाट्या करायला लागल्यावर कुठल्या वाटीचा बाक तुटतोय, कुठलं बूड अंगाला लहान पडतंय, हे मला दुरून कळतं आणि आजोबांना कळत नाही. पण त्या नजरेला काम मिळालं ते हात तयार झाल्यावर. तोवर ती घाई करण्यापलीकडे काही करत नव्हती.

सेंटरिंग जमलं तो दिवस मला सांगता येणार नाही. मी त्या दिवसाची इतकी वाट पाहिली होती, आणि तो आला तेव्हा मी शाळेतल्या सहामाहीच्या पेपरांचा विचार करत होते. एका क्षणी लक्षात आलं की हाताखाली काहीच हलत नाहीये. माती फिरत होती आणि तळव्यांना ती जाणवत नव्हती. मी घाबरून हात काढले आणि गोळ्याला धक्का बसला, कारण हात काढायचे तेही सावकाश काढावे लागतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा जमलं. तिसऱ्या दिवशी नाही. दिवाळीच्या सुट्टीत नऊ दिवस गावी गेले, परत आल्यावर पहिले चार गोळे डुलले आणि पाचवा थांबला. जूनमध्ये सहा दिवसांच्या खंडानं सगळं पुसून जायचं. आता नऊ दिवसांनंतर हाताला फक्त चार गोळे लागले. माझ्या वहीतली ती नोंद मी अजून अधूनमधून काढून बघते.

दिवाळीनंतर भांडी ठेवायची परवानगी मिळाली आणि भट्टीशी गाठ पडली. चाकावरची चूक लगेच दिसते, भट्टीतली दिसायला महिना लागतो. माती भाजताना 573 अंश सेल्सिअसच्या आसपास तिच्यातल्या क्वार्ट्झच्या स्फटिकांची रचना बदलते आणि ते किंचित फुगतात, थंड होताना आक्रसतात. म्हणून त्या टप्प्यावर भट्टी सावकाश चढवतात आणि सावकाश उतरवतात. हे सगळं ताई सांभाळायच्या. माझी पहिली वाटी त्याच्या किती तरी आधी फुटली. मातीत हवेचा बुडबुडा राहिला की भांडं फुटतं असं सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा खरं कारण ओलावा असतो. जाड भिंतीच्या आत राहिलेल्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. मी वाटी एक दिवस लवकर भट्टीत दिली होती.

दुसऱ्या खेपेला अकरा वाट्या दिल्या. चार तळाशी तडकून आल्या, चारही तडे इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले. हा तडा सुकताना आणि भाजताना पडतो, पण त्याचं मूळ पहिल्या पाच मिनिटांत असतं. भिंती ओढताना त्यांच्यातली माती दाबली जाते, तळाची तशीच सैल राहते. तिला बोटांनी मुद्दाम दाबून घट्ट केलं नाही तर पुढे ती भिंतींपेक्षा जास्त आक्रसते आणि चिरते. मी वही उघडली. त्या चारही वाट्या एकाच आठवड्यातल्या होत्या, शाळेत परीक्षा होत्या तेव्हाच्या. मी घाईत होते. वही नसती आणि वाट्या दोनच असत्या, तर मी मातीला दोष देऊन मोकळी झाले असते.

शोजी हामादा या जपानी कुंभाराची एक हकीकत ताईंनी मला याच सुमारास सांगितली. हामादा 1920 साली बर्नार्ड लीचबरोबर इंग्लंडमध्ये सेंट आइव्ह्जला गेले, तिथे त्या दोघांनी भट्टी उभारली. पुढे ते जपानमधल्या माशिको गावी स्थायिक झाले. उतारवयात ते पळीनं भांड्यावर झिलई ओतून काही सेकंदांत नक्षी करायचे. कुणी तरी विचारलं, इतक्या कमी वेळात केलेल्या कामाचं मोल काय? तेव्हा ते म्हणाले की पंधरा सेकंद आणि त्याआधीची साठ वर्षं. मी ही गोष्ट पूर्वी ऐकली असती तर त्या पंधरा सेकंदांकडे बघितलं असतं. आता मला त्या साठ वर्षांतल्या कापून बादलीत टाकलेल्या मातीचा ढीग दिसतो.

या सगळ्यानं माझ्या शाळेतल्या तासात मला अस्वस्थ केलं, ते लिहिलंच पाहिजे. बावीस वर्षं मी वर्गात फेरी मारताना ज्यांचं चित्र आधीच चांगलं आहे त्यांच्या बाकापाशी थांबत आले. "तुझ्या हातात कला आहे" हे वाक्य मी ज्यांना दिलं, त्यांना ते मिळालं; उरलेल्यांना त्यातून काय ऐकू गेलं असेल? ते कागद पुढे सरकवून खिडकीबाहेर बघायचे आणि मी त्यांना आळशी समजायची. नोव्हेंबरपासून मी सहावीच्या मुलांना रोज दहा मिनिटं एकच गोष्ट काढायला देते, स्वतःची चप्पल. कागद तारखेनुसार एका दोरीला टाचतो. मी कुणाचंच चित्र चांगलं म्हणत नाही, फक्त पहिल्या आणि आजच्या कागदात काय बदललं ते त्यांनाच विचारते. एक मुलगा, जो कधी तोंड उघडत नाही, म्हणाला, "बाई, आधी मी पट्टा चपलेवर ठेवायचो. आता तो चपलेच्या आतून येतो." मला त्या दिवशी बोलवेना.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी मंडईत सुगडं घ्यायला गेले. दर वर्षी घेते. पाच सुगडं, त्यांत गाजर, ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, तिळगूळ. या वर्षी मी पहिलं सुगड उचललं आणि हात आपोआप ते उलटं करायला लागला. बुडाखाली शिंपल्यासारख्या वळत गेलेल्या रेघा होत्या. चाक न थांबवता दोऱ्यानं कापलं की अशा रेघा पडतात. कडेला अंगठ्याचा ठसा होता, सगळ्या सुगडांवर त्याच जागी. भिंत पातळ होती आणि वजन बुडाशी न साठता सगळ्या अंगात सारखं होतं.

शेजारच्या ढिगातलं एक उचललं. ते जड होतं. बूड जाड, आणि रेघा मध्येच तुटलेल्या, कापताना दोरा थबकला असणार.

"बाई, ती नका घेऊ," विकणारी म्हणाली, "ती माझ्या पोरानं केलीत. यंदाच चाकावर बसलाय, हात बसायचाय अजून. ही घ्या, सासऱ्यांच्या हातची."

"किती केली त्यानं?"

"काय माहीत. रोज शाळेतून आला की करतो. निम्मी परत चिखलात गेली."

मी दोन सासऱ्यांची घेतली आणि तीन पोराची. वाण द्यायच्या आधी पाचही ओट्यावर उलटी मांडली आणि पोराची तिन्ही सुगडं एकेक करून हातात घेऊन पाहिली. तिसऱ्याच्या बुडाखालची रेघ शेवटपर्यंत न तुटता गेली होती.